दान, धर्मांतर आणि मजुरीचा दर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत आदिवासी भागातील ख्रिस्ती मिशनांचा विषय निघाला की प्रश्न बहुधा एकाच स्वरूपात विचारला जातो : मिशनऱ्यांनी आजवर किती जणांना बाटवले? प्रश्न विचारणारा गृहस्थ सहसा सज्जन असतो, आणि त्याची कळकळ खोटी असते असेही नाही. परंतु हाच गृहस्थ कल्याणच्या पुढे कामानिमित्त जातो तेव्हा त्याला रुळांच्या कडेला वीटभट्ट्या दिसतात. मुरबाड-शहापूरकडील कातकरी कुटुंब पावसाळ्याच्या अखेरीस मालकाकडून उचल घेते, दिवाळीनंतर भट्टीवर येते आणि मृगापूर्वी हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. या कुटुंबाची वर्षे कोणी पळवली, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. धर्म गेला तर समाज खडबडून उठतो. जमीन, जंगल आणि श्रम गेले तर त्याची झोप मोडत नाही. मिशनच्या प्रश्नाचा विचार करावयाचा तो या विसंगतीपासून.

प्रथम इतिहास पाहू, कारण या जिल्ह्यात तो जुना आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्या वेळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर युरोपची सत्ता नव्हती. ते साधू तलवार घेऊन आले नव्हते, आणि त्यांच्या मागे धर्मांतरितांची रांगही लागली नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि चित्र पालटले. आता पाद्री आणि किल्लेदार एकाच जहाजातून उतरू लागले. वसई-साष्टी परिसरात जी धर्मांतरे झाली त्यांत राजसत्तेचे दडपण, सवलतींचे आमिष आणि देवळांचा विध्वंस हे सर्व होते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली, आणि तरीही शेतकरी-कोळी ख्रिस्ती समाज तेथेच राहिला. तो मराठी बोलत राहिला, भात आणि केळी पिकवत राहिला, लग्नसंबंध जुळवताना जुनी जातही पाहत राहिला. तोफ गेल्यावरही जी श्रद्धा टिकते तिला केवळ तोफेची निर्मिती म्हणता येत नाही. याच समाजातून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांचे आक्रमण झाले तेव्हा ते हरित वसईच्या लढ्यात उतरले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चारशे वर्षांपूर्वीच्या धर्मांतराचा हिशेब आजच्या वसईकराकडे मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा कालखंड एकोणिसाव्या शतकातील. या काळातील मिशनरी मुख्यतः शाळा घेऊन आला. महात्मा फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि सावित्रीबाईंच्या शिक्षणास तिचा उपयोग झाला. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी मिशनकडून विद्या घेतली, समतेचा विचार घेतला आणि त्यातून स्वतंत्र सार्वजनिक सत्यधर्म उभा केला. दाता एका हेतूने देतो आणि घेणारा दुसऱ्या हेतूने घेतो, हे येथे स्पष्ट दिसते. गरीब माणूस हा मातीचा गोळा नव्हे. तोही निवड करतो.

मात्र १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात याच मिशनांच्या कामाला दुसरे वळण लागले. नगर जिल्ह्यात महार-मांग वस्त्यांतून मोठ्या संख्येने लोक मिशनकडे वळले. भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, अशी त्यांची हेटाळणी झाली. परंतु दुष्काळी कामावर सरकार जी मजुरी देत होते ती पोट भरण्यास अपुरी होती, आणि गावातील सवर्ण विहिरीवर या लोकांना पाणी मिळत नव्हते. भाकर आणि पाणी ज्यांनी नाकारले त्यांनी, भाकर देणाऱ्याकडे माणूस का गेला, असे विचारावे, हा न्याय अजब आहे. पुढे या ख्रिस्ती झालेल्यांना चर्चमध्येही जातीने गाठले, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती त्यांना नाकारल्या. जात बरोबर आली, सवलत तेवढी मागे राहिली.

आता प्रत्यक्ष आदिवासी पट्ट्याकडे येऊ. २०१४ साली पालघर वेगळा झाला. त्यापूर्वीचा ठाणे जिल्हा म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे सारे धरून. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने येथील आदिवासींच्या स्थितीचा अहवाल दिला. त्यात लग्नगड्याची पद्धत नोंदलेली आहे. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यावी, आणि त्या रकमेपोटी त्याने व त्याच्या बायकोने वर्षानुवर्षे मालकाच्या वाड्यावर राबावे. जमीन सावकाराकडे, जंगल सरकारकडे, देह मालकाकडे. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे जग वाचकांसमोर आणले.

या जगात विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ब्रदरन पंथाचे मिशनरी डहाणूस आले आणि त्यांनी दवाखाना चालवला. पुढे जेझुइटांनी तलासरीच्या परिसरात ‘ज्ञानमाता सदन’ उभे केले. शाळा आणि वसतिगृह हे त्याचे मुख्य काम. साप चावलेला, बाळंतपणात अडलेली, तापाने फणफणलेले पोर यांना उचलून नेण्यास जवळ दुसरी जागा नव्हती, हे या कामाचे पहिले समर्थन. त्याच वेळी त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. दवाखान्याने ताप उतरतो, मजुरीचा दर चढत नाही. शाळेतून दहा मुले शिकून बाहेर पडतात. त्यांचे बाप मालकाच्या वाड्यावरच राहतात. दानाचे अर्थशास्त्र असे आहे की ते दोन असमान माणसांमधील अंतर काही काळ सुसह्य करते, अंतर मिटवीत नाही. आणि पुष्कळदा दात्याला जमीनदाराशी सलोखा ठेवावाच लागतो, कारण त्याची इमारत त्याच गावात उभी असते.

दर बदलला तो दुसऱ्या मार्गाने. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणच्या पुढील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेले काही वारली परत गेले ते वेठ बंद करावयाची हा विचार घेऊन. मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद झाली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी ठार झाले. दिवसाला बारा आणे मजुरी ही त्यांची मागणी होती. वेठबिगार आणि लग्नगडी यांची कंबर मोडली ती या लढ्याने. मिशनच्या कामाला उणे लेखण्यासाठी हे सांगावयाचे नाही. औषध आणि संप ही दोन भिन्न साधने आहेत, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही, एवढाच मुद्दा आहे.

सेवेचे काम धर्मप्रसाराविना होऊ शकते, याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालवाडी सुरू केली, १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली. कोणाचा देव बदलावा असे तेथे कोणास वाटले नाही. परंतु असे कोसबाड किती झाले? ज्या जागा पुरोगामी मंडळींनी रिकाम्या ठेवल्या तेथे मिशन गेले, आणि मिशनला उत्तर म्हणून हिंदुत्ववादी संघटना गेल्या. तलासरीत विश्व हिंदू परिषदेचे वसतिगृह उभे राहिले. कल्याणच्या माधवराव काणे यांचे नाव त्या कामाशी निगडित आहे. या माणसांनी घर सोडून कष्ट केले, हे विरोधकांनीही मान्य करावे. प्रश्न कष्टांचा नाही, दिशेचा आहे.

या ठिकाणी जगाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहणे उपयोगी ठरेल. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोचा चियापास प्रांत येथील माया लोकांची कहाणी वारल्यांच्या कहाणीशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. तेथेही जमीन परक्यांच्या मळ्यांत गेली आणि उचल देऊन मजूर कॉफीच्या मळ्यावर नेण्याची पद्धत रूढ झाली. चियापासमधील सान हुआन चामुला या गावात सणांसाठी लागणारी दारू आणि मेणबत्त्या यांचा व्यापार गावच्या मातब्बरांच्या हाती होता. सणाचा खर्च म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे मातब्बरांची बांधिलकी. १९७० च्या दशकापासून जे माया प्रोटेस्टंट झाले त्यांनी दारू सोडली, सणाचा खर्च नाकारला. आणि परंपरेच्या रक्षणाचे नाव घेऊन मातब्बरांनी हजारोंना गावाबाहेर हाकलले. परंपरा बुडाली अशी हाक मारणाऱ्याचा गल्ला बुडाला होता काय, हे पाहण्याची सवय कार्यकर्त्याला असली पाहिजे.

त्याच प्रदेशात मिशनचे दोन चेहरे समोरासमोर उभे राहिले. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे लॅटिन अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी दारिद्र्य हे अन्यायी व्यवस्थेचे फळ आहे, असे स्पष्ट म्हटले. चियापासचे बिशप सामुएल रुईस यांच्या पुढाकाराने १९७४ साली माया जमातींची परिषद भरली, आणि तीत जमीन, व्यापार, शिक्षण व आरोग्य यांवर माया प्रतिनिधी आपापल्या भाषांत बोलले. ग्वाटेमालात खेड्यांतील धर्मशिक्षक सहकारी संस्था उभारू लागले. लष्कराने त्यांना वेचून मारले. सांतियागो आतितलान येथील स्टॅन्ली रॉदर हा अमेरिकन पाद्री १९८१ साली मारला गेला.

दुसरीकडे १९७६ च्या भूकंपात सुमारे तेवीस हजार माणसे मेली, आणि मदतीच्या सामानाबरोबर अमेरिकेतील इव्हान्जेलिकल पंथ मोठ्या प्रमाणावर आले. १९८२ साली सत्ता बळकावणारा जनरल रिओस माँट याच पंथाचा. तो दर रविवारी दूरदर्शनवरून राष्ट्राला नीतीचे प्रवचन देई, आणि त्याचे सैन्य डोंगरातील माया गावे जाळत असे. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने दोन लाखांहून अधिक माणसे मारली वा नाहीशी केली गेल्याचा निष्कर्ष काढला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. कॅथलिक चर्चच्या वतीने असाच अहवाल देणारे बिशप हेरार्दी एप्रिल १९९८ मध्ये, अहवाल प्रसिद्ध केल्यानंतर दोन दिवसांनी मारले गेले. एकच बायबल, एकाने त्यातून सहकारी संस्था काढली, दुसऱ्याने आज्ञापालन काढले. मिशन चांगले की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ते कोणाच्या बाजूस उभे आहे, हे विचारावे लागते.

त्या वाऱ्याची झुळूक ठाणे जिल्ह्यातही आली. १९७४-७५ साली जेझुइट संघाच्या सर्वसाधारण परिषदेने श्रद्धेच्या सेवेत न्यायाचा पुरस्कार अविभाज्य आहे, असे ठरवले. तलासरीकडे काम करणारे काही तरुण जेझुइट वसतिगृहाच्या भिंतीबाहेर पडले. पीटर डिमेलो हे प्रदीप प्रभू झाले, आणि १९७८ च्या अखेरीस डहाणू भागात ‘कष्टकरी संघटना’ उभी राहिली. तिने किमान वेतनाचा आणि वनजमिनीचा प्रश्न हाती घेतला. जमीनदारांनी तिला धर्मांतराचे कारस्थान म्हटले, डाव्या पक्षांतील अनेकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. ज्यांनी पाद्रीपणाची वाट सोडली, त्यांच्यावरच धर्मांतराचा आरोप झाला. वनजमिनीचा हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आज गावातील वडीलधाऱ्यांची साक्षही पुरावा म्हणून धरली जाते; कागद नसलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत आली ती अशा लढ्यांमुळे.

१९७८ सालच्याच डिसेंबरात दिल्लीत जनता पक्षाचे खासदार ओमप्रकाश त्यागी यांनी धर्मस्वातंत्र्याचे विधेयक आणले. बळ, फसवणूक वा आमिष यांनी होणारे धर्मांतर गुन्हा ठरवणे हा त्याचा हेतू. मदर तेरेसा यांनी मोरारजी देसाई यांना पत्र लिहून विरोध केला. पुढे सरकारच गेले आणि विधेयक बारगळले. त्यापूर्वी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश व ओरिसा यांचे असे कायदे वैध ठरवले होते. बळजबरीला बंदी असावी यात दुमत नाही. अडचण आमिष या शब्दाची आहे. दवाखाना आमिष, शाळा आमिष, दुष्काळातील धान्य आमिष असे म्हटले की गरिबाची प्रत्येक निवड संशयास्पद ठरते. श्रीमंत माणूस गुरू बदलतो तेव्हा त्याची चौकशी होत नाही. भट्टीवरची बाई पोराचा ताप उतरला म्हणून प्रार्थनेला गेली तर मात्र तिला अक्कल नाही असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक समाजवादी माणसाला मान्य होणार नाही. तिच्या विवेकाचे स्वातंत्र्य कोणत्याही पदवीधराइतकेच पूर्ण आहे.

तरीही मिशनांवरील एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. वारल्यांचा हिरवा, वाघोबा आणि कणसरी, लग्नात गाणारी धवलेरी, चौक लिहिणाऱ्या सवाशिणी ही एक जीवनदृष्टी आहे. तिला सैतानी म्हणणारा प्रचारक माणसाला बरे करताना त्याची मान खाली घालवतो. भट्ट्यांवर आणि झोपडपट्ट्यांत आज ज्या छोट्या स्वतंत्र प्रार्थनामंडळ्या भरतात त्यांतील काहींबाबत हे विशेष खरे आहे. परंतु हाच आक्षेप आदिवासीला ‘वनवासी’ म्हणणाऱ्या आणि त्याचे देव मोठ्या देवांच्या पायरीशी बसवणाऱ्या संघटनांवरही येतो. तुझे आहे ते कमी आहे, असे दोघेही त्याला सांगतात. धर्म बदललेल्या आदिवासीचा अनुसूचित जमातीचा दर्जा काढावा, ही १९६० च्या दशकाच्या अखेरीस कार्तिक उरांव यांनी मांडलेली मागणी आता पुन्हा जोर धरत आहे. तिचा परिणाम एकच होईल : एकाच पाड्यावरील दोन भाऊ जमिनीच्या अर्जावर एकत्र सही करावयाचे थांबतील.

हे भय काल्पनिक नाही. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. कृत्य अमानुष होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून ते घडले, असे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने आरोपपत्रात म्हटले. परंतु तपासापूर्वीच काही वाहिन्यांवरून मिशनरी आणि डावे यांच्याकडे बोट दाखवले गेले, आणि संपूर्ण आदिवासी पट्टा संशयित ठरला. असा संशय एकदा पेरला की मजुरीचा, रेशनचा, कुपोषणाचा प्रश्न कोणी ऐकून घेत नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा ती कोणत्या धर्माची, हे मृत्यूने विचारले नव्हते.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? मिशन असो, आश्रम असो, परदेशी पैशावर चालणारी संस्था असो, प्रत्येकाला चार कसोट्या लावाव्यात. सेवा घेणाऱ्याला प्रार्थनेची अट आहे काय? संस्थेच्या कारभारात आदिवासी निर्णय घेतो, की केवळ सतरंज्या उचलतो? मजुरीच्या आणि जमिनीच्या तंट्यात संस्था कोणाच्या बाजूला उभी राहते? आणि संस्था सोडून जाणाऱ्याला मोकळेपणाने जाता येते काय? या कसोट्यांना उतरेल त्याच्याशी, तो क्रॉस घालो वा टिळा लावो, कामापुरते सहकार्य करावे. न उतरेल त्याच्यावर उघड टीका करावी. धर्मांतरितावर गावाने बहिष्कार घातला तर त्याच्या घरी प्रथम कार्यकर्त्याने जावे. आणि धर्मांतरास नकार दिला म्हणून कोणाचे औषध वा शिक्षण अडले तर तेथेही त्यानेच जावे.

या कसोट्या लावण्याचा अधिकार मात्र कामानेच मिळेल. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी शहापूरच्या कुशीतून मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, आणि उचलीच्या बदल्यात राबणारी कुटुंबे कल्याण-भिवंडीच्या भट्ट्यांवर आजही आहेत. श्रमजीवी संघटनेने वसई तालुक्यात १९८० च्या दशकात वेठबिगार मुक्त करून दाखवले. म्हणजे हे अशक्य नाही. डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या प्रत्येक शाखेने एक भट्टी निवडावी. तेथील प्रत्येक कुटुंबाची उचल, पाडलेल्या विटांची संख्या आणि मिळालेली मजुरी यांची नोंदवही ठेवावी, मुलांची नावे जवळच्या शाळेत घालावीत, आणि हिशेबाच्या दिवशी मजुरांबरोबर हजर राहावे. पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्यापूर्वी शाखांनी भट्ट्यांची यादी करून ती पुढील बैठकीत मांडावी.